टिटवीचं वावर

कुसंबवाडीत पाहुणा आला की गावकरी त्याला आधी देवळात नेत नाहीत, बांधावर नेतात. ओढ्याच्या अलीकडे शिंगट्यांचं आणि डुबलांचं रान एकमेकांना लागून आहे, आणि त्या दोन रानांच्या मधून हा बांध जातो. बांध म्हटल्यावर हातभर रुंदीचा, गवताळलेला उंचवटा डोळ्यांपुढे आला असेल, तर तो पुसून टाका. या बांधावरून भरली बैलगाडी जाते. अलीकडे ट्रॅक्टरही जातो. वरच्या कडुलिंबापासून खालच्या ओढ्यापर्यंत बांध सरळ येतो, पण मध्यावर आल्यावर एकाएकी दोन फाटे फुटतात, एका गोल जागेला दोन्ही अंगांनी वळसा घालतात आणि पुढे पुन्हा एक होतात. त्या गोलात पाच-सहा माणसं मांडी घालून बसतील एवढी जागा आहे. तिथं खडे आहेत, कुसळी गवत आहे आणि कैक पिढ्यांत कुणाचा नांगर शिरलेला नाही.

मागे मोजणीवाले आले तेव्हा साखळी धरून या गोलापाशी थबकले. "हे कुणाचं?" त्यांनी विचारलं. शिंगटे आणि डुबल, दोन्ही घरची माणसं हजर होती. त्यांनी एका तोंडाने सांगितलं, "टिटवीचं." लिहून घेणाऱ्याने म्हणे लेखणी खाली ठेवली आणि आधी पाणी मागितलं.

हे असं का, ते सांगण्याचा मान गुरवाच्या घराकडे आहे. सध्या तो म्हातारे दाजीबा गुरव चालवतात. पाहुण्याला ते बांधावर बसवतात, गोलाकडे पाठ करू देत नाहीत, आणि पानतंबाखूची चंची उघडून सावकाश सुरुवात करतात. पुढची हकीकत ते सांगतात तशी.

फार मागची गोष्ट आहे असं सांगतात. किती मागची, ते विचारू नये. दाजीबांच्या आजोबांनाही ती त्यांच्या आजोबांनी सांगितलेली. तेव्हा या रानांवर भिकोबा शिंगटे आणि तात्याबा डुबल असे दोन कर्ते पुरुष होते. दोघे नुसते शेजारी नव्हते, व्याही होते. भिकोबांची लेक हौसा तात्याबांच्या घरात दिली होती. लग्नाची वरात काढायची तर कुठून काढायची असा प्रश्न पडला होता म्हणे, कारण नवरी एका परसातून निघून बांध ओलांडून दुसऱ्या परसात जायची होती. शेवटी वाजंत्र्यांचे कष्ट फुकट जाऊ नयेत म्हणून वरात गावाला वळसा घालून नेली.

हौसाला माहेर इतकं जवळ मिळालं म्हणून गावच्या बाकीच्या सुना तिच्यावर जळायच्या. पण तिला त्या जवळिकीची खरीच गरज होती. तिच्या आईची नजर गेली होती. उजेड आणि अंधार एवढंच तिला कळायचं. भिकोबा रानात, हौसाचा भाऊ अजून लहान, घरात दुसरी बाई नाही. म्हणून रोज दुपारी सासरचं आवरलं की हौसा बांध ओलांडायची, आईपाशी चूल पेटवायची, दोन भाकऱ्या थापायची, तिची वेणी घालायची आणि परत यायची. आईला पावलांवरून कळायचं. हौसा दारात आली की म्हातारी तवा कुठं आहे ते बोटाने दाखवायची, जणू लेकीलाच दिसत नाही.

आता नांगर धरलेल्या माणसाची एक खोड तुम्हाला ठाऊक असेल. बांधाच्या कडेचं तास, म्हणजे नांगराची ओळ, मारताना त्याचा हात आपोआप बांधाकडे झुकतो. वीतभर माती सुटते, रान वीतभर वाढतं, आणि कुणी पाहिलं नाही असं त्याला वाटतं. भिकोबा दरसाल आपल्या अंगाने बांध कोरायचे. तात्याबाही दरसाल आपल्या अंगाने बांध कोरायचे. आणि दोघांनाही मनापासून वाटायचं की कोरणारे आपण एकटेच आहोत. त्यामुळे कुणी कुणाला काही बोललं नाही. बांध दोन हात रुंदीचा होता तो हातभर झाला, हातभराचा वीतभर झाला. एका पेरणीच्या वेळी भिकोबा तास मारत खाली आले, तात्याबा तास मारत वर गेले, आणि मागे वळून पाहतात तर बांध नाही. सपाट रान. त्या दिवशी दोघांच्या बैलांची शिंगं एकमेकांना लागली म्हणतात.

मग व्हायचं ते झालं. भिकोबा म्हणाले, बांध पलीकडे होता. तात्याबा म्हणाले, अलीकडे होता. दोघांच्या बोलण्यात बारा हातांचं अंतर पडलं. पंच बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी गावच्या पाटलांनी सांगितलं की निकाल लागेपर्यंत मधल्या बारा हातांत कुणी पाय ठेवायचा नाही. हा हुकूम मात्र दोघांनी फार मनावर घेतला. भिकोबांनी आपल्या कडेने बाभळीच्या फांट्यांचं कुंपण घातलं. ते पाहून तात्याबांनी आपल्या कडेने त्याहून उंच घातलं. काट्यांच्या दोन भिंती आणि मधे ओसाड पट्टा, असं वरपासून खालपर्यंत झालं.

यात हौसाची वाट बंद झाली. आता आईकडे जायचं म्हणजे वेशीपर्यंत जायचं, गावातून फिरायचं आणि मागच्या रस्त्याने यायचं. दोन भाकऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाची पायपीट. सासूने चार दिवस सोसलं, पाचव्या दिवशी तोंड फिरवलं. मग हौसा एक दिवसाआड जायला लागली. मधल्या दिवशी म्हातारी शिळं खायची आणि भिकोबांना सांगायची, मला भूकच नव्हती. हौसाला ते कळायचं आणि तिचा जीव तुटायचा. पण बापाला सांगावं तर तो म्हणे, "तुझ्या सासऱ्याला सांग." सासऱ्याला सांगावं तर ते म्हणत, "तुझ्या आबांनीच आधी काटं घातलं."

वर्ष गेलं. पाटलांनी ठरवलं की आता मातीचं दिव्य करायचं. त्या काळी सीमेचं भांडण मिटत नसलं की असं करत. एका माणसाने आंघोळ करून ओलेत्याने उभं राहायचं, रानाची माती डोक्यावर घ्यायची आणि खरा बांध जिथून जात होता तिथून चालायचं. चालताना थांबायचं नाही, बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. तो चालेल ती सीमा. खोटं चालला तर भोग त्याच्या घरादाराला.

चालायचं कुणी, यावर पुन्हा वाद. भिकोबा म्हणाले मी चालतो, तात्याबा म्हणाले मी. पाटील हसले. म्हणाले, "तुम्ही दोघं चाललात तर वड्यापतूर दोन बांध हुतील. खोटं चालून जिचं दोन्हीकडनं वाटोळं हुईल असं एकच माणूस हाय गावात. हौसाला चालू द्या."

गंमत अशी की दोघेही तिथल्या तिथे कबूल झाले. भिकोबांना वाटलं, लेक माझी. तात्याबांना वाटलं, भाकरी माझ्या घरची खाते. आखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस ठरला. त्या आधीच्या आठ दिवसांत हौसाचं जे कोडकौतुक झालं ते तिच्या लग्नातही झालं नव्हतं. सासूने तिला पहिल्यांदाच सायीचं दही वाढलं. वेशीवरून फिरून माहेरी गेली तर बापाने हातात गुळाची ढेप ठेवली. पण जाताना भिकोबा एवढंच म्हणाले, "माझ्या रानात शिरलीस तर ह्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नगंस." आणि घरी आल्यावर तात्याबा गोड आवाजात म्हणाले, "सूनबाई, इकडं वळलीस तर मंग तिकडंच ऱ्हा, म्हाताऱ्या आईची सोय हुईल."

हौसाचा नवरा महिपती भला माणूस होता, पण बापापुढे तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. त्याने विचारलं, "खरा बांध कुठं हुता ते तुला तरी ठावं हाय का?"

"डोक्याला न्हाई ठावं," हौसा म्हणाली. "पायाला हाय."

आणि ते खरंच होतं. लहानपणापासून ती दिवसातून दोनदा-चारदा त्या बांधावर चढली-उतरली होती. बांध झिजून सपाट झाला तरी त्या जागी आली की तिचं पाऊल आपोआप उचललं जायचं. कित्येकदा ती स्वतःशीच हसली होती, नसलेल्या बांधावर चढतेस म्हणून. कुंपणं उभी राहीपर्यंत पाऊल तसं उचलत होतं. तेव्हा बांध कुठे होता हे तिला पक्कं माहीत होतं. तो होता बरोब्बर मधे. सहा हात बाप जास्त मागत होता आणि सहा हात सासरा. म्हणजे खरं चाललं तर दोघांच्याही रानात शिरल्यासारखं होणार आणि दोन्ही दारं बंद होणार. एकाच्या बाजूने खोटं चाललं तर एक दार तरी उरेल, पण भोग घरादाराला. दोन्ही घरं तर तिचीच. त्या आठ दिवसांत तिला दही गोड लागलं नाही की गूळ.

त्याच सुमारास पट्ट्यातून टिटवीचं अपशकुनी ओरडणं सुरू झालं होतं. भिकोबा म्हणत, डुबलांचं काही खरं नाही. तात्याबा म्हणत, शिंगट्यांनी आता सांभाळावं. कुंपणाच्या आत डोकावून बघावं असं कुणालाच सुचलं नाही.

आखितीला अख्खं गाव गोळा झालं. हौसा आंघोळ करून ओल्या लुगड्यानिशी कडुलिंबाखाली उभी राहिली. पाटलांनी विचारलं, माती कुणाच्या रानाची घ्यायची? हौसाने दोन्ही कुंपणांपलीकडे बोट दाखवलं. तेव्हा दोन्ही वावरांची माती एकाच पाटीत भरली आणि ती पाटी तिच्या डोक्यावर ठेवली. भिकोबा डाव्या कुंपणाच्या बाहेरून आणि तात्याबा उजव्या कुंपणाच्या बाहेरून तिच्या बरोबरीने चालायला लागले. मागे गाव.

ती मधोमध चालली. दहा पावलं गेली तशी डावीकडून बापाचा घसा खाकरल्याचा आवाज आला. वीस पावलांवर उजवीकडून सासऱ्याचा आला. तिला दोन्ही आवाज ओळखीचे होते. आपण आज कुणाच्याच राहणार नाही, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. पण डोक्यावर पाटी होती, हात पाटीला होते, डोळे पुसायचे कशाने? तशीच ती चालत राहिली.

मध्यावर आली आणि पायाखालून टिटवी उडाली. कलकलाट करत ती वर गेली, वळली आणि थेट तिच्या तोंडावर आली. हौसाने खाली पाहिलं. पुढच्या पावलाच्या जागी खड्यांमध्ये चार अंडी होती, मातीच्याच रंगाची, टोकं आत वळवून मांडलेली.

थांबायचं नाही. मागे फिरायचं नाही. आणि अंडी ओलांडून जायचं तर तिच्या मनाला पटेना. वर ओरडणारीही कुणाची तरी आईच होती. मग वळायचं, पण कुठल्या बाजूला? डावीकडे वळली तर बाप, उजवीकडे वळली तर सासरा.

हौसा डावीकडे वळली. भिकोबांनी कपाळाला हात लावला. तात्याबांच्या मिशा वर गेल्या. पण ती पुढे ओढ्याकडे गेलीच नाही. टिटवी डोक्यावर टोचा मारत होती म्हणून जरा लांबून, अंड्यांना वळसा घालून ती उजवीकडे आली, आणि मिशा खाली आल्या. फिरत फिरत ती जिथून वळली होती तिथे पोचली. एक प्रदक्षिणा पुरी झाली. मग त्याच आपल्या पावलांवर पाऊल ठेवत डावीकडून अर्धा फेरा आणखी घातला, आणि तिथून सरळ मधोमध ओढ्यापर्यंत गेली. पाटी उतरली तेव्हा तिच्या मानेवर टिटवीच्या चोचीचे ओरखडे होते.

पाटलांनी पंचांना घेऊन पावलं पाहिली. ओल्या लुगड्याचं पाणी ठिबकत गेलं होतं, त्यामुळे माग लपण्यासारखा नव्हता. "ती चालली ती शीव," ते म्हणाले. "इथं ती गोल चालली. म्हंजी गोलाच्या भवती शीवच हाय. आतली जागा ना शिंगट्यांची, ना डुबलांची. आत जी ऱ्हाती तिची."

"आणि दिव्य खरं का खोटं, ते कसं कळायचं?" भिकोबांनी विचारलं. सहा हात गेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तेवढंच तात्याबांच्या तोंडावरही दिसत होतं.

पाटील मुरलेले होते. म्हणाले, "अंडी फुटून पिल्लं भाईर आली तर खरं. अंड्यांस्नी काय झालं तर खोटं, मंग चालणारीला भोग. माझ्या हातात न्हाई ते."

लोक पांगले. दोघे आपापल्या घरी गेले. पण ऊन कलताना भिकोबांना ओढ्याकडून एक मुंगूस पट्ट्यात शिरताना दिसलं. सहा हात रान एकीकडे आणि लेक एकीकडे. काठी घेऊन ते धावले, काट्यांतून अंग ओरबाडत आत घुसले, आणि बघतात तर तात्याबा आधीच काठी घेऊन उभे. मुंगूस केव्हाच पळालं होतं.

दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले. एक ओढ्याकडे तोंड करून, एक कडुलिंबाकडे. टिटवीला हे पहारेकरी अजिबात नको होते. ती दोघांच्याही पागोट्यांवर सारख्याच टोचा मारायची. दुसऱ्या दिवशी तात्याबांनी पाठीमागे हात करून चंची सरकवली. तिसऱ्या दिवशी भिकोबा म्हणाले, "पाव्हणं, कुत्री येत्यात. भवतीनं काटं पाहिजेत."

"काटं मस हायती," तात्याबा म्हणाले.

आणि त्यांनी आपल्या कुंपणाच्या फांट्या ओढून आणायला सुरुवात केली. ते पाहून भिकोबांनी आपल्या ओढल्या. त्यातही चढाओढ लागली, कारण ती दोघांच्या रक्तातच होती. सांजेपर्यंत टिटवीच्या भोवती गोल, उंच, दुहेरी कुंपण उभं राहिलं, खाली फक्त पिल्लू निघेल एवढी फट ठेवून. आणि वरपासून खालपर्यंत घातलेली दोन्ही कुंपणं नाहीशी झाली. हे आपण काय केलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

हौसाच्या लक्षात आलं. ती परसात धुणं वाळत घालत होती. समोर तिच्या माहेरचं परसदार दिसत होतं, मधे काही नाही. ती ओले हात पुसत निघाली. बांधाच्या जागी पाऊल आपोआप उचललं गेलं. आई चुलीपाशी बसली होती. पावलं ऐकून तिने मान वर केली.

"आज परसातनं आलीस," म्हातारी म्हणाली. हौसा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि म्हातारीने तिच्या मानेवरचे ओरखडे बोटांनी चाचपत तवा कुठे आहे ते दुसऱ्या हाताने दाखवलं.

अंडी फुटली. पिल्लं अंग वाळताच खालच्या फटीतून बाहेर पडली आणि ओढ्याकडे तुरुतुरु पळत सुटली. मागून आई ओरडत. इतके दिवस राखण करणाऱ्या दोन व्याह्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग दोघांनी काटे बाजूला करून आत पाहिलं. टिटवीने पायाने उकरलेल्या खळग्यात खड्यांबरोबर काळे तुकडे दिसत होते. कोळसे. जुने लोक सीमेची खूण म्हणून जमिनीत कोळसे पुरत असत, कारण कोळसा कुजत नाही. दोघांच्या पणजोबांनी मिळून पुरलेली खूण ती. दोघे ती सहा-सहा हात दूर, एकमेकांच्या रानात शोधत होते.

भिकोबा आधी हसले असं शिंगटे सांगतात. तात्याबा आधी हसले असं डुबल सांगतात.

पुढच्या आखितीला दोघांनी बांध पुन्हा घालायचं ठरवलं. कोरून नेलेली माती परत द्यायची, प्रत्येकाने आपल्या रानातून पाच पाट्या. भिकोबांनी पाच टाकल्या, आणि लेकीच्या नावाने सहावी टाकली. तात्याबांना ते कसं खपावं? सुनेच्या नावाने त्यांनी सातवी टाकली. दुपारपर्यंत दोघांच्या रानात खड्डे पडले आणि पाटलांना पुन्हा यावं लागलं. त्यांनी कायमचं सांगून ठेवलं की दरसाल पाचच पाट्या, सहावी टाकणाऱ्याने गावाला गूळ वाटायचा.

आजही आखितीला शिंगटे आणि डुबल बांधाला माती देतात. दोन्ही घरच्या सुना ओलेत्याने टिटवीच्या वावराला दीड फेरा घालतात. वाटेतली अंडी कुणी हलवत नाही. आणि आजही दरसाल भांडण होतं, जोराचं होतं. एकदा एक नवखा शिक्षक सोडवायला धावला, तर त्याच्या हातावर गुळाचा खडा आला. त्या साली भिकोबांच्या वंशातली म्हातारी कमरेवर हात ठेवून सांगत होती की सहावी पाटी डुबलांनी टाकली, तिने डोळ्यांनी पाहिली, आणि बांध त्यांच्या बाजूने वाढत चाललाय, त्यांचं रान कमी होतंय, हे तिला अजिबात चालणार नाही. बोलता बोलता ती रागाने बांधावर चढली, पलीकडे उतरली आणि डुबलांच्या चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला बसली.